इंदुरात राहायला येण्याआधी

लोकमान्य नगर, इंदूर
८ फेब्रुवारी २०२६

चि. मनूस,


सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीनं तुला बोलावलंय हे ताईनं सांगितलं आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. काल तुझा निरोप वाचला: “मामा, इंदूरचे फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला लिहून पाठव. आम्ही दोघं बसून ठरवतो.” फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितो आहे. मात्र तू म्हणतेस तसे दोन रकाने मला जमणार नाहीत. या शहराच्या चांगल्या गोष्टी जमिनीवर आहेत, डोळ्यांना दिसतात. उणिवा बऱ्याचशा जमिनीखाली आहेत. बाहेरून येणारा माणूस वरचं पाहून भाळतो आणि घर घेऊन मोकळा होतो. तुझ्या हातून तसं होऊ नये.

आधी स्वच्छतेबद्दल, कारण तुम्ही पुण्याची मंडळी तिथूनच सुरुवात करता. २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं नाव लागत आलं. ही नुसती जाहिरात आहे का, असं तुझ्या यजमानांनी गेल्या खेपेला विचारलं होतं. जाहिरात नाही. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी दारात येते, तिला वेगवेगळे कप्पे असतात, ओला-सुका एकत्र दिलात तर कचरा परत मिळतो. रात्री बाजार मिटला की रस्ते झाडले जातात. देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता, नाक दाबून जावं लागे; तो उपसून तिथे हिरवळ केली. २०२२ मध्ये तिथेच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला, त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या चालतात. रस्त्यात कागद टाकणाऱ्याला इथे अनोळखी माणूसही टोकतो, आणि टाकणारा मुकाट्यानं उचलतो. माझ्या लेखी हे त्या बक्षिसापेक्षा मोठं आहे.

याची मुळं जुनी आहेत. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते. पालापाचोळा, शेण, माती यांचे थर रचून खत करण्याची रीत त्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या कामातून शिकून बसवली, आणि आज जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्याआधी, प्लेगच्या काळात, होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्यानं दिवाळीत मिरवणूक काढली. तीत प्लेगच्या उंदराचं सोंग होतं, घाणीचा राक्षस होता, आणि स्वच्छ पांढरे कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार मानानं चालत होते. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ, त्या रस्त्यानं मिरवणूक जाणार म्हटल्यावर लोक झाडू घेऊन बाहेर पडले. शाळेत भूगोल शिकवताना मी हा प्रसंग मुलांना दरवर्षी सांगत असे. हुकूम काढून जे झालं नसतं ते मान दिल्यानं झालं. आजही पहाटे रस्ता झाडणाऱ्या बायांना आमच्या गल्लीत नावानं हाक मारतात. तू आलीस तर तूही मार.

आता खालचं सांगतो, आणि इथे जरा थांबून वाच.

याच शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. लोक कितीतरी दिवस पाण्याला वास येतो म्हणून सांगत होते. शेकडो आजारी पडले, माणसं दगावली, त्यांत काही महिन्यांचं बाळही होतं. स्वच्छतेचं पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या शहरात हे घडलं, ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. त्याआधी ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, स्नेहनगरच्या मंदिरात हवन चालू असताना पायाखालची फरशी खचली आणि माणसं थेट विहिरीत पडली. जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, झाकून तिच्यावर बांधकाम केलं होतं. ३६ जण गेले. दोन्ही प्रसंगांत वरून सगळं ठीकठाक दिसत होतं.

असं का होतं ते समजून घे, म्हणजे घर पाहताना उपयोग होईल. इंदूरला मोठी नदी नाही. पिण्याचं पाणी जलूदहून, नर्मदेतून, सुमारे ७० किलोमीटर लांबून विंध्य चढवून आणावं लागतं. त्यासाठी लोकांनी मोठं आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं. पाणी चढवायला वीज प्रचंड लागते, म्हणून महापालिकेनं २०२३ मध्ये लोकांकडून हरित रोख्यांमार्फत २४४ कोटी रुपये उभे केले आणि जलूदलाच सौरऊर्जेचा प्रकल्प हाती घेतला. हे कर्तृत्व खरं आहे. पण इतकं महाग पाणी सगळ्यांना रोज देता येत नाही; बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. नळ रिकामा असतो तेव्हा त्यात दाब नसतो, आणि जवळून ड्रेनेजची लाइन जात असेल तर फटीतून घाण आत शिरते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. जुन्या नळांचे सांधे त्यात हलतात. त्यात लोक नळाला थेट मोटर लावतात. ती शेजाऱ्याचं पाणी ओढते आणि गटाराचंही.

म्हणून घर बघायला जाशील तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशा नंतर पाहा. पाणी कोणत्या टाकीतून येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, हे आधी विचार. दलालाला विचारू नकोस, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचार. नळ सुटण्याच्या वेळी प्रत्यक्ष उभी राहा आणि पहिली बादली वास घेऊन पाहा. बोरिंग आहे म्हणून कुणी छाती पुढे काढली तर एप्रिल-मेमध्ये ते किती चालतं, टँकर किती येतात, हेही विचार. मोकळ्या जागेवर नवी कॉलनी असेल तर तिथे आधी काय होतं, नाला होता की विहीर, याची चौकशी एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे कर. कागदपत्रांत रेरा नोंदणी आणि मंजूर नकाशा पाहा. इथे मंजुरी नसलेल्या कॉलन्यांत अनेकांचे आयुष्यभराचे पैसे अडकलेत. आणि राहायला आलीस की थेट मोटर लावू नकोस, मग शेजारी लावोत.

कान्ह नदीही तुला नेऊन दाखवीन. राजवाड्याजवळ कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, होळकरांच्या समाध्या, दगडी कोरीव काम बघत राहावं असं. त्यांच्या पायथ्याशी कान्ह वाहते. गेडिसनं १९१८ च्या अहवालात नद्या आणि त्यांचे काठ यांवर भर दिला होता. शंभर वर्षं उलटली, नाल्यांची तोंडं बंद करण्याचं बरंच काम झालं, तरी नदी अजून नदी झालेली नाही. तिचं पाणी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतं, आणि २०२८ च्या सिंहस्थात तिथे लोक स्नान करणार, म्हणून ते बंद नळातून वळवून पुढे नेण्याचं काम चालू आहे. घाण साफ करणं आणि घाण पुढे ढकलणं यांतला फरक मुलांना शिकवावा लागतो. मोठ्यांनाही.

बाकीचं थोडक्यात लिहितो.

पगार पुण्यापेक्षा कमी आणि खर्चही कमी, हे तू जाणतेस. पण नोकरी सोडावी लागली तर दुसरी शोधायला पुण्यात जेवढी दारं आहेत तेवढी इथे नाहीत. तुम्हा दोघांचं क्षेत्र एकच आहे, म्हणून याचा विचार आत्ताच करा. वाहतूक वाईट आहे. कचरा डब्यात टाकणारा माणूस सिग्नल तोडतो आणि उलट्या बाजूनं गाडी घालतो. बसगाड्यांसाठी निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा वेगळा मार्ग २०१३ मध्ये झाला होता. गेल्या वर्षी न्यायालयाच्या आदेशानंतर तोही काढायला घेतला. ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली. सुरुवातीचा टप्पा जेमतेम सहा किलोमीटरचा, पण तो नेमका गांधीनगर-सुपर कॉरिडॉरच्या बाजूचा. तेव्हा घर त्या अंगाला घे, आमच्या जवळ राहायचं म्हणून रोज शहर ओलांडू नकोस. मामाकडे रविवारी ये.

सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: सोन्याची दुकानं मिटल्यावर मध्यरात्रीपर्यंत तिथे बायका पोरांना घेऊन निर्धास्त उभ्या असतात. तुझ्या मुलीला असं शहर मिळावं असं मला मनापासून वाटतं.

आणि मराठीपण. ताईला सगळ्यात जास्त काळजी हीच आहे, की नात हिंदी बोलायला लागेल. बोलेलच, आणि तिनं छान बोलावं. पण आपण इथे परके नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली, तेव्हापासून आपली माणसं या मातीत रुजली आहेत. साहित्य संमेलन इथे तीनदा भरलं, १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. चित्रकार बेंद्रे इथले, हुसेनही इथल्याच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले. लता मंगेशकर इथे जन्मल्या. राहुल बारपुते मराठी घरातले, आणि त्यांनी ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकाचं संपादन असं केलं की हिंदीतले पत्रकार त्यांना गुरू मानत. ‘सानंद’ ही इथली संस्था पुण्या-मुंबईची नाटकं बोलावते आणि पाच सभासद गटांसाठी पाच प्रयोग लावते. त्यांतल्या एका गटाला बारपुत्यांचं नाव आहे, एकाला रामूभैया दात्यांचं. पुण्यात असताना तू नाटकाला किती वेळा जातेस ते मी विचारत नाही, पण इथे सभासद हो आणि लेकीला घेऊन जा.

एक मात्र सांगतो. आपल्यातली काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही मराठी ओट्यापलीकडे गेली नाहीत. शेजारचा माळवी माणूस अडीनडीला धावून येतो, आणि यांना त्याच्या घरातली लग्नकार्यं ठाऊक नसतात. तू तसं करू नकोस. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, तेव्हा खिडकीतून बघू नकोस, शेजाऱ्यांबरोबर खाली उतर. घरात मराठी बोल, ओट्यावर हिंदी बोल, माळवी समजून घे. बारपुत्यांनी तेच केलं.

माहेर लांब पडेल, हे खरं आहे. पुण्याची गाडी रतलाम, बडोदा, सुरत, वसई असा मोठा वळसा घालून जाते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या लोहमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तो होईल तेव्हा रस्ता सरळ होईल. पण ताईची तब्येत पाहता त्या गाडीच्या भरवशावर निर्णय घेऊ नकोस. तोपर्यंत सेंधवा-धुळे मार्गानं रात्रीची बस, किंवा विमान. तातडीच्या प्रसंगी पोचायला एक रात्र लागेल हे धरूनच चाल. ताईला हे तू स्वतः सांग, माझ्यावर सोपवू नकोस.

माझा सल्ला विचारशील तर या. पण पहिलं वर्ष भाड्यानं राहा. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा त्या वस्तीत काढल्याशिवाय घर विकत घेऊ नका. आणि आलात की वॉर्डाच्या नगरसेवकाचा नंबर फोनमध्ये ठेवा. पाण्याला जरा वास आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, पोच मागा. भागीरथपुऱ्यात लोक ओरडत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. या शहराला यापुढे अशी माणसं हवीत जी ओरडणं थांबवणार नाहीत. तू लहानपणापासून तशी आहेस, म्हणून मला तू इथे हवी आहेस.

नोकरीचा होकार कळवायला त्यांनी मुदत किती दिली आहे? जमलं तर ती मे अखेरपर्यंत वाढवून माग. थंडीत इंदूर कुणालाही आवडतं. मे महिन्यात चार दिवस दोघं इथे राहायला या, नळ सुटण्याच्या वेळी उठा, घरं बघा, आणि मग ठरवा.

ताईला नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, छकुलीला पापा. मामीनं जिरावण मसाल्याची पुडी बाजूला काढून ठेवली आहे, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

तुझा,
मामा