कारभारी बदलतो, दप्तर राहते
संगणकाच्या नूतनीकरणात नोंदी सुरक्षित कशा ठेवाव्यात?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अचलपूर हे वऱ्हाडातील एक प्राचीन नगर होय. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेल्या इमादशाहीची राजधानी म्हणून हे नगर एलिचपूर या नावाने प्रसिद्ध होते. पुढे राजवटी बदलल्या, कारभाराची भाषा बदलली. परंतु जमीन, घर आणि करवसुली यांच्या नोंदी प्रत्येक राजवटीला जपाव्याच लागल्या. कारभारी बदलला तरी दप्तर टिकले पाहिजे, हा राज्यकारभाराचा जुना दंडक आहे.

आज हे दप्तर रुमालात बांधलेले नसून बऱ्याच अंशी संगणकात साठविलेले असते. राज्यात २०११ मध्ये सुरू झालेला संग्राम प्रकल्प आणि त्यानंतरची आपले सरकार सेवा केंद्रे यांमुळे ग्रामपंचायतींच्या कारभारात संगणक रुळला. अचलपूर तालुक्यातील पथ्रोट किंवा असदपूर येथील ग्रामपंचायत असो, की परतवाड्यातील एखादी शाळा असो. कर आकारणीची यादी, सभेचे इतिवृत्त, विद्यार्थ्यांच्या याद्या आणि पत्रव्यवहार यांचा मोठा भाग आता संगणकावर तयार होतो. म्हणूनच संगणकाची कार्यप्रणाली बदलण्याची वेळ येते तेव्हा दप्तराचे काय होणार, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा राहत नाही. तो कार्यालयप्रमुखाचाही होतो.

बदल कशासाठी?

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, हा संगणकाचा कारभारी होय. कळफलक, पडदा, मुद्रक आणि साठवण यांच्याकडून काम करवून घेणे हे तिचे कर्तव्य. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी हे संगणक बंद पडले नाहीत. मात्र नव्याने उघडकीस येणाऱ्या उणिवा दुरुस्त करणारा नेहमीचा विनामूल्य सुरक्षा-पुरवठा थांबला. संस्थांना शुल्क भरून तो जास्तीत जास्त तीन वर्षे चालू ठेवण्याची सोय देण्यात आली. परंतु ती मुदतवाढ आहे, कायमचा उपाय नव्हे. ज्या संगणकावर नागरिकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील हाताळले जातात, तो असुरक्षित ठेवणे जबाबदारीचे ठरत नाही.

विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतील प्रक्रियक आवश्यक आहे. अनेक जुने संगणक या अटींत बसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स हा एक पर्याय आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली विकसित केली असून, केरळमधील शासकीय शाळांनी लिनक्सचा वापर अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर केला आहे. मात्र कार्यालयातील मुद्रक आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नव्या प्रणालीवर चालते किंवा नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

विभाग म्हणजे काय?

संगणकातील साठवण-तबकडीला हार्ड डिस्क म्हणतात. एकाच खोलीत दोन कपाटे ठेवावीत, त्याप्रमाणे एकाच तबकडीचे दोन किंवा अधिक विभाग करता येतात. यांनाच पार्टिशन असे म्हणतात. सामान्यतः ‘सी’ या विभागात कार्यप्रणाली आणि कामाचे प्रोग्रॅम असतात, तर ‘डी’ या विभागात कार्यालयाच्या फायली ठेवल्या जातात. लिनक्समध्ये हेच काम ‘होम’ नावाच्या स्वतंत्र विभागाने साधते.

या विभागणीचा लाभ स्पष्ट आहे. कारभारी बदलताना त्याचे कपाट पूर्ण रिकामे करून नव्याने मांडता येते आणि दप्तराच्या कपाटाला हात लावावा लागत नाही. परंतु येथेच तीन गैरसमज संभवतात.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, ‘डी’ विभाग आहे म्हणजे सर्व फायली तेथेच आहेत. वस्तुतः पडद्यावर दिसणारा ‘डेस्कटॉप’, तसेच ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डाउनलोड्स’ ही फोल्डर सर्वसाधारणपणे ‘सी’ विभागातच असतात. घाईच्या वेळी डेस्कटॉपवर ठेवलेली कर मागणीची यादी ‘सी’ विभाग पुसताच नाहीशी होते. ‘डी’ मात्र सुरक्षित, परंतु रिकामा राहतो!

दुसरा गैरसमज मराठी अक्षरांविषयी आहे. युनिकोडपूर्व काळात तयार झालेल्या असंख्य फायली त्या त्या कंपनीच्या विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित आहेत. हे फाँट ‘सी’ विभागातील विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. नव्या मांडणीनंतर फाइल शाबूत असूनही उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक ओळ दिसते. अशा वेळी मजकूर नष्ट झाला असे समजून फाइल पुसून टाकू नये. जुना फाँट पुन्हा बसविताच अक्षरे पूर्ववत दिसतात. यासाठी फाँटच्या फायलींची प्रत ‘डी’ विभागात आणि बाह्य साठवणीवर आधीच ठेवावी आणि सवडीने जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही आधुनिक प्रणालीवर वाचता येतो.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक होय. स्वतंत्र विभाग म्हणजे दुसरी प्रत नव्हे. दोन्ही कपाटे एकाच खोलीत आहेत. खोलीला आग लागली तर दोन्ही जळतील. तबकडी निकामी झाली, विजेच्या अचानक चढ-उताराने बिघडली किंवा संगणक चोरीस गेला, तर ‘सी’बरोबर ‘डी’ही जातो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक प्रोग्रॅमही दोन्ही विभागांवर हल्ला करतात. विभागणी नूतनीकरणाच्या कामात साहाय्य करते. अपघातापासून संरक्षण देत नाही.

पूर्वतयारी

अधिकाऱ्याची बदली झाल्यावर पदभाराची यादी करूनच कार्यभार सोपविला जातो. संगणकाच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी.

प्रथम ‘सी’ विभागातील कामाच्या सर्व फायली शोधून ‘डी’ विभागात आणाव्यात. त्यानंतर संपूर्ण ‘डी’ विभागाची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी आणि शक्य असल्यास आणखी एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. घेतलेल्या प्रतीतील चार-सहा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नये. संकेतशब्द, मुद्रकाचे नाव व क्रमांक, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनासाठी लागणारा प्रोग्रॅम आणि वापरात असलेल्या इतर प्रोग्रॅमची यादी कागदावर लिहून घ्यावी. तबकडी ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असल्यास तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली अवश्य नोंदवावी. ती नसल्यास ‘डी’ विभाग डोळ्यांसमोर असूनही उघडता येणार नाही.

प्रत्यक्ष काम

नूतनीकरणाचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात चालू प्रणालीवरच नवी प्रणाली चढविली जाते. यात फायली आणि बहुतेक प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात, आणि नवी प्रणाली मानवली नाही तर सामान्यतः दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीकडे परतता येते. कार्यालयासाठी हा मार्ग सोयीचा होय.

दुसऱ्या मार्गात ‘सी’ विभाग पुसून नवी प्रणाली कोऱ्या जागेवर बसविली जाते. संगणक मंद झाला असेल किंवा त्यात विषाणू शिरला असेल, तर हा मार्ग स्वीकारावा लागतो. यासाठी किमान ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह वापरून, प्रणाली केवळ निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. येथे एक क्षण अत्यंत सावधगिरीचा असतो. विभाग निवडण्याच्या पडद्यावर ‘सी’ आणि ‘डी’ ही नेहमीची अक्षरे दिसत नाहीत. तबकडीचा क्रमांक, विभागाचा क्रमांक आणि आकारमान दिसते. म्हणून प्रत्येक विभागाचे आकारमान आधीच कागदावर टिपून ठेवावे, ‘डी’ विभागाला ‘दप्तर’ असे ठळक नाव द्यावे आणि बाह्य डिस्क काढून ठेवावी. ज्या विभागात जुनी कार्यप्रणाली आहे, तोच पुसावा. सर्व विभाग पुसून ‘स्वच्छ’ मांडणी करण्याचा तंत्रज्ञाचा सल्ला, दप्तराची दुसरी प्रत तपासल्याखेरीज मान्य करू नये.

काम सुरू असताना वीज जाणार नाही, अशी व्यवस्था हवी. यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. करवसुलीचा मार्च महिना, शाळेचे निकाल किंवा ग्रामसभेचा आठवडा टाळावा. काम झाल्यावर मुद्रक, डिजिटल स्वाक्षरी आणि मराठी कळफलक यांची चाचणी घ्यावी, आणि तीन-चार जुनी इतिवृत्ते उघडून पाहिल्यानंतरच काम पूर्ण झाल्याची नोंद करावी.

जबाबदारी कोणाची?

संत्रा बागायतदाराला कर्जप्रकरणासाठी घराच्या नमुना ८ चा उतारा हवा असतो. दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलीला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. ‘संगणक बदलला, त्यात माहिती गेली’ हे उत्तर त्या शेतकऱ्याचे किंवा त्या मुलीचे समाधान करू शकत नाही. ऑनलाइन प्रणालींतील नोंदी दूरच्या सर्व्हरवर असतात हे खरे. परंतु मसुदे, याद्या, छायाचित्रे आणि जुना पत्रव्यवहार अद्यापही टेबलावरील संगणकातच असतो.

म्हणून संगणक तंत्रज्ञाच्या हाती देण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा मुख्याध्यापकाने बाह्य प्रत आपल्या ताब्यात घ्यावी, तिची नोंद साहित्य नोंदवहीत करावी आणि दरमहा एका निश्चित दिवशी ती अद्ययावत करण्याचा प्रघात पाडावा. सरपंच व सदस्यांनी मासिक सभेत ‘शेवटची प्रत केव्हा घेतली?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी पुष्कळ हानी टळेल.

नवी कार्यप्रणालीही काही वर्षांनी जुनी होणार आहे. तिच्या जागी दुसरी येईल, तेव्हा नव्या कारभाऱ्याच्या हाती संपूर्ण दप्तर सोपविता आले पाहिजे. त्याची तयारी आजच्या प्रतीपासून सुरू होते.