‘मोजकेच शिल्लक’ म्हणण्याआधी: जॅझच्या बॉक्स सेटकडून प्री-बुकिंगचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘लिमिटेड एडिशन’ आणि ‘प्री-बुकिंग’ यावर बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून पूर्ण उदाहरण आणि आकड्यांचा हिशोब इथे देतोय. वही-पेन घेऊनच बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

प्रश्न सरळ आहे. ग्राहक तुमच्या मालासाठी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं का थांबेल? आणि थांबलेल्या ग्राहकाकडून आगाऊ पैसे घ्यायचे असतील, तर त्याला नेमकं काय सांगायचं?

यासाठी मी मुद्दाम एक लांबचं उदाहरण निवडलंय. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात स्टॅमफर्ड नावाचं शहर आहे. तिथे मोझेक रेकॉर्ड्स नावाची एक छोटी कंपनी आहे. ती जुन्या जॅझ रेकॉर्डिंगचे बॉक्स सेट काढते. म्हणजे माल जुना, ऐकणारे मोजके, आणि किंमत साध्या सीडीच्या कितीतरी पट. तरीही ही कंपनी चाळीस वर्षांहून जास्त काळ टिकली. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. गाणी फोनवर आल्यावर संगीत विकणाऱ्यांचं काय झालं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मग या लोकांना कसं जमलं?

आधी धंदा समजून घेऊ

ब्लू नोट ही १९३९ मध्ये सुरू झालेली जॅझची नामवंत रेकॉर्ड कंपनी. आल्फ्रेड लायन यांनी ती उभी केली. या कंपनीने जेवढं रेकॉर्ड केलं, तेवढं सगळं बाजारात आणलं नाही. बरीच रेकॉर्डिंग टेपवरच पडून राहिली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मायकेल कुस्कुना नावाचे निर्माते या टेप शोधून, तपासून, एकेक बाहेर काढू लागले.

त्यात त्यांना थेलोनियस मंक या पियानोवादकाची काही अप्रकाशित रेकॉर्डिंग सापडली. पण एक अख्खी रेकॉर्ड भरेल एवढी ती नव्हती. मग कुस्कुनांनी विचार केला की तुकडा कशाला विकायचा? मंकचं ब्लू नोटवरचं सगळंच काम एकत्र का देऊ नये? कुस्कुना आणि त्यांचे भागीदार चार्ली लॉरी यांनी मोझेक सुरू केली. १९८३ मध्ये मंकचा चार रेकॉर्डचा बॉक्स आला. प्रती फक्त ७,५००.

आता या धंद्याची रचना बघा.

- टेपची मालकी मोझेककडे नाही. मूळ कंपनीकडून ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक प्रतींपुरते हक्क घ्यायचे.
- प्रत्येक संचाला क्रमांक. ठरलेल्या प्रती संपल्या की तो संच बंद.
- दुकानदार मध्ये नाही. सुरुवातीपासून टपालाने थेट ग्राहकाला विक्री.
- संचासोबत मोठ्या आकाराची पुस्तिका. त्यात लेख, फोटो आणि कोणतं रेकॉर्डिंग कधी झालं, कोण काय वाजवत होतं याची यादी.

इथे एक गोष्ट अधोरेखित करा. ७,५०० हा आकडा कुणी ‘मार्केटिंग’ म्हणून हवेतून काढलेला नाही. त्यामागे हक्कांचा करार आहे. म्हणजे टंचाई खरी आहे, आणि तिचं कारण ग्राहकाला सांगता येतं.

वाट पाहणारा ग्राहक कसा तयार होतो?

हे समजायला हँक मोब्लीचं उदाहरण घेऊ. मोब्ली (१९३०–१९८६) हा टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, माइल्स डेव्हिस अशा मोठ्या लोकांबरोबर त्याने काम केलं. पण त्याचं स्वतःचं नाव त्यांच्याएवढं कधी झालं नाही. त्याची काही रेकॉर्डिंग तर वर्षानुवर्षं टेपवरच राहिली. ‘अ स्लाइस ऑफ द टॉप’ रेकॉर्ड झालं १९६६ मध्ये आणि बाजारात आलं १९७९ मध्ये. ‘थिंकिंग ऑफ होम’ १९७० चं, आलं १९८० मध्ये.

मोझेकने १९९८ मध्ये मोब्लीच्या १९५० च्या दशकातल्या ब्लू नोट रेकॉर्डिंगचा सहा सीडींचा बॉक्स काढला. आता ज्याने तो घेतला, त्याच्या डोक्यात साहजिकच प्रश्न येणार की पुढचं काम कधी? पुढचा बॉक्स, १९६३ ते १९७० पर्यंतच्या रेकॉर्डिंगचा, आठ सीडींचा, आला २०१९ मध्ये. मध्ये २१ वर्षं गेली! १९९८ मध्ये तिशीत असलेला ग्राहक २०१९ मध्ये पन्नाशीत पोचला होता.

एवढी वाट बघून माणूस पुन्हा त्याच दुकानाकडे का वळतो? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण: ‘संपूर्ण’ म्हणजे कशाचं संपूर्ण, हे ते सांगतात. बॉक्सच्या नावातच कंपनी आणि काळ लिहिलेला असतो. मोब्लीची १९६०-६१ ची ‘सोल स्टेशन’, ‘रोल कॉल’, ‘वर्कआउट’ ही रेकॉर्डिंग या दोन्ही बॉक्समध्ये नाहीत. पण कुणी फसवलं असं म्हणू शकत नाही, कारण पहिल्यावर पन्नासचं दशक लिहिलंय आणि दुसऱ्यावर १९६३–७०. आपल्याकडे ‘संपूर्ण कोर्स’, ‘ऑल इन वन किट’ असं बिनधास्त छापतात आणि आत अर्धंच असतं. ग्राहक एकदा फसतो, पण दहा जणांना सांगतो.

दुसरं कारण: फुकट मिळणार नाही असं काहीतरी बॉक्समध्ये असतं. गाणी आज फोनवरही सापडतात. पण रेकॉर्डिंगचा क्रम, तारखा, जाणकाराचे लेख, फ्रान्सिस वुल्फ यांनी त्या वेळी स्टुडिओत काढलेले फोटो, हे सगळं नीट एका जागी मिळतं या बॉक्समध्ये. जो मनापासून ऐकतो, त्याला याचीच किंमत असते. तुमचा माल दुसरीकडे स्वस्त मिळत असेल, तर भाव पाडण्याआधी विचारा की माझ्या मालासोबत कोणती माहिती, कोणती निवड, कोणती मेहनत जाते?

तिसरं कारण: संपत आलंय, हे ते खरं सांगतात. मोझेक आपल्या यादीत कोणते संच कमी उरलेत आणि कोणत्यांची ही शेवटची संधी आहे, हे वेगळं दाखवते. संपला की संपला. नंतर तोच संच जुन्या बाजारात चढ्या भावाने विकला जातो. त्यातला एक पैसाही मोझेकला मिळत नाही. मिळते ती पत. पुढच्या वेळी ‘थोडेच उरलेत’ म्हटलं की लोकांचा विश्वास बसतो.

पण एक बारीक गोष्ट

मंकचा १९८३ चा बॉक्स संपला. त्यानंतर १९९४ मध्ये ब्लू नोटने स्वतःच मंकच्या ब्लू नोट रेकॉर्डिंगचा चार सीडींचा संच बाजारात आणला. हक्क त्यांचेच, त्यामुळे त्यांना तो अधिकार होताच.

मग मोझेक खोटं बोलली का? नाही. ‘आमची ही आवृत्ती एवढ्याच प्रतींची’ एवढंच तिचं वचन होतं, आणि तेवढं तिच्या हातात होतं. ‘हे संगीत पुन्हा कधीच मिळणार नाही’ असं म्हणणं तिच्या हातात नव्हतंच.

आजच्या धड्याचं सार हेच आहे. जे तुमच्या हातात आहे, तेवढ्याचंच वचन द्या. आणि तेवढं मात्र कितीही मोह झाला तरी पाळा. नग किती, आत काय, पैसे परत कधी, हे तुमच्या हातात. कारागीर कधी देईल, छपाई कधी होईल, हे पूर्णपणे तुमच्या हातात नाही. तिथे पक्की तारीख देऊ नका, अंदाज द्या आणि तो अंदाज आहे हेही सांगा.

आता आपल्या धंद्यात आणू

आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत ही पद्धत जुनीच आहे. त्यामुळे त्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला एका जुन्या, बाजारातून संपलेल्या पुस्तकमालेचा संच पुन्हा छापायचाय. आकडे समजण्यापुरते आहेत.

- एकदाच होणारा खर्च (हक्क, टायपिंग, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ): १,२०,००० रुपये
- दर संचाची छपाई, खोका, पाठवणी: ६०० रुपये
- विक्री किंमत: १,२०० रुपये

दर संचामागे तुमच्याकडे ६०० रुपये उरतात. १,२०,००० भागिले ६००, म्हणजे २०० संच विकले की ना नफा ना तोटा. ३०० विकले तर ६०,००० रुपये नफा.

आता उलट बाजू बघा. उत्साहात ३०० छापले आणि विकले १५०. खर्च झाला ३,००,००० (पाठवणीही यातच धरली आहे, हिशोब सोपा राहावा म्हणून). हातात आले १,८०,०००. म्हणजे १,२०,००० रुपये गठ्ठ्यांच्या रूपात घरात पडून. हे पैसे बऱ्याचदा कर्जाचे असतात, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी बचतीचे. म्हणून आधी नोंदणी, मग छपाई.

नोंदणी घेताना या पाच गोष्टी लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिल्या तरी चालेल:

१. एकूण संच किती. ३०० म्हणजे ३००. प्रत्येकावर क्रमांक.

२. संचात काय आहे आणि काय नाही. ‘नाही’वालं वाक्य विसरू नका.

३. किमान किती नोंदण्या झाल्यावर काम सुरू होणार. इथे तो आकडा २००.

४. ठरलेल्या तारखेपर्यंत २०० झाल्या नाहीत, तर पैसे पूर्ण परत, आणि किती दिवसांत.

५. अंदाजे कधी मिळेल, आणि दरम्यान तुम्ही कधी कधी कळवणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: किमान नोंदणी पूर्ण होईपर्यंत ते पैसे तुमचे नाहीत. वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातून दुकानाचं भाडं भरू नका, दिवाळीचा माल उचलू नका. प्री-बुकिंगमध्ये घोळ होतो तो बहुतेक इथेच. आधी कुणाचीही नियत वाईट नसते. पैसे हाताशी असतात म्हणून वापरले जातात, आणि परत द्यायची वेळ आली की फोन उचलणं अवघड होतं.

थांबलेल्या माणसाशी बोलत राहा

माझ्या दुकानात काउंटरवर एक साधी वही असते. ‘अमुक वस्तू आली की कळवा’ म्हणणाऱ्याचं नाव, नंबर आणि तारीख त्यात लिहितो. महिन्यातून एकदा वही उघडायची आणि प्रत्येकाला एक ओळ पाठवायची: आलं नाही, चौकशी चालू आहे. लोकांना वाट बघण्याचा त्रास कमी होतो, विसरले गेल्याचा जास्त होतो.

याचं मोठं उदाहरणही मोझेकचंच. २०१७ च्या सुरुवातीला कुस्कुनांनी ग्राहकांना उघड पत्र लिहिलं की कंपनी अडचणीत आहे, बाजार बदललाय. ‘सगळं उत्तम चाललंय’ असा आव आणला नाही. पुढे २०१९ मध्ये मोब्लीचा तो आठ सीडींचा बॉक्स आलाच. कुस्कुना एप्रिल २०२४ मध्ये गेले. पण चार दशकं जे ग्राहक जोडले गेले, ते जाहिरातीपेक्षा या सरळपणावर जास्त जोडले गेले असं मला वाटतं.

मोह होणारच

शेवटचा मुद्दा. तुमचे ३०० संच संपले आणि त्यानंतर ८० जणांचे फोन आले, ‘दादा, अजून थोडे छापा ना!’ तर काय कराल? गुपचूप ८० छापले, तर आजचा गल्ला भरेल, पण पहिल्या ३०० जणांना दिलेला क्रमांक खोटा ठरेल. त्या ८० जणांची नावं वहीत घ्या. पुढच्या संचासाठी तुमची यादी ८० पासून सुरू होते, शून्यापासून नाही. किंवा नवीन आवृत्ती काढायचीच असेल, तर ती वेगळी आहे हे ठळक लिहा, आणि ‘दुसरी आवृत्ती कधीच येणार नाही’ असं पहिल्यांदा म्हणूच नका.

गृहपाठ

तुमच्या धंद्यातली अशी एक वस्तू निवडा, जी खरोखरच कमी नगांत बनते. मग वहीत चार ओळी लिहा:

- ती कमी का बनते, याचं खरं कारण.
- ना नफा ना तोटा गाठायला किती नग विकावे लागतील.
- ग्राहकाला मी कोणती तीन वचनं देऊ शकतो, जी पूर्णपणे माझ्या हातात आहेत.
- जमलं नाही तर पैसे परत द्यायची तारीख.

पहिल्या ओळीत खरं कारण सापडलं नाही, तर ‘लिमिटेड’ हा शब्द बोर्डावर लिहू नका. साधी वस्तू साध्या भावाने विका, त्यातही चांगला धंदा होतो.

पुढच्या भागात आपण पैसे परत देण्याचे नियम कसे लिहायचे ते बघू. तोपर्यंत हिशोब करून ठेवा. भेटूया!