फोनवरचा सल्ला आणि बांधावरची विचारपूस



उसाचे पान पिवळे पडले की पूर्वी आपण शेजाऱ्याला हाक मारत होतो. आता खिशातला मोबाईल काढतो. सोय चांगली आहे. पण तिच्यापायी बांधावरची विचारपूस आटत असेल, तर तोटा आपलाच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातले उदाहरण पाहू. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. ते बी जपून त्यांनी वर्षानुवर्षे निवड केली. तेच एच.एम.टी. धान. तेव्हा खेड्यात मोबाईल कुठला? पण हे बी शेतकऱ्यांच्या हातून राज्याबाहेरही पोचले. दादाजी २०१८ साली वारले, वाण मात्र राहिला.

केंद्र सरकारची किसान कॉल सेंटर सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली. १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट लागतो. जरूर विचारावे. पण फोनवरच्या माणसाला आपले रान दिसत नाही. पान लोह कमी पडले तरी पिवळे, पाणी साचले तरी पिवळे, मुळाशी हुमणी लागली तरी पिवळेच! भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया शेतकऱ्याची अडचण आणखी मोठी. रोगाचे वर्णन त्याला आधी घरच्या बोलीतून मराठीत आणावे लागते, त्यात जंगलात रेंजची बोंब.

शिवाय फोनवरचे उत्तर एकाच कानात राहते. हुमणीचेच घ्या. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब, बाभळीवर जमतात. एकट्याने झाडे झोडपून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तरी शेजारच्या रानातले उडून येतातच. सगळ्या शिवाराने एकाच वेळी हे केले तरच गुण येतो. म्हणजे सल्ला एकाला मिळाला तरी काम सगळ्यांचे आहे.

तेव्हा एवढे करू या:

१) विचारण्याआधी जमिनीचा प्रकार, लागणीची तारीख, उसाची जात, दिलेले खत व पाणी कागदावर लिहून ठेवावे.

२) मिळालेला सल्ला आधी चार सरींवर करून पाहावा.

३) गुण आला की नाही, ते गटाच्या बैठकीत सांगावे. फसले तर तेही सांगावे, म्हणजे दुसऱ्याचे पीक वाचेल.

फोन एकाचा असला तरी त्यातून मिळालेले शहाणपण शिवाराचे होऊ द्या.