पंतप्रधानाची नेमणूक : शब्द आणि संकेत



नामपूर नाशिक जिल्ह्यात असले, तरी तेथील मतदार धुळे लोकसभा मतदारसंघासाठी मतदान करतो. त्याच्या मताने खासदार निवडला जातो, पंतप्रधान नव्हे. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात, असे संविधानाचा अनुच्छेद ७५(१) सांगतो. कोणाची करावी, हे मात्र तो सांगत नाही. उत्तर ७५(३) मध्ये आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. म्हणून जिच्यावर लोकसभेचा विश्वास, तीच व्यक्ती नेमावी लागते. एका पक्षाला स्पष्ट बहुमत असेल, तर राष्ट्रपतींपुढे निवड अशी उरतच नाही. खरा पेच पडतो तो बहुमत विस्कटल्यावर.

जुलै १९७९ मध्ये असेच घडले. मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम पाचारण केले ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे आणि १९६३ साली जे नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, तेच हे यशवंतराव. पुरेसे संख्याबळ जमत नाही, असे त्यांनी काही दिवसांतच कळवले. निमंत्रण म्हणजे नेमणूक नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढून घेताच चरणसिंग यांनी लोकसभेला सामोरे न जाता २० ऑगस्टला राजीनामा दिला; तरी जानेवारी १९८० पर्यंत ते काळजीवाहू पंतप्रधान राहिले. ‘उपपंतप्रधान’ आणि ‘काळजीवाहू’ हे दोन्ही शब्द संविधानात शोधून सापडणार नाहीत. ते संकेताने रुळले आहेत.

मंत्र्यांची नावे पंतप्रधानच सुचवतो. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनंतर त्याच्यासह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. मंत्रिमंडळाचे निर्णय राष्ट्रपतींना कळवणे हे अनुच्छेद ७८ नुसार त्याचे कर्तव्य आहे. तो पदावरून गेला की सारे मंत्रिमंडळच जाते.

आता एका शब्दाकडे वळू. राष्ट्रपतींची ‘मर्जी’ असेपर्यंत मंत्री पदावर राहतात, असा अनुच्छेद ७५(२) चा आशय आहे. बोलीत ‘मर्जी’ला लहरीची छटा आहे, ‘साहेबांची मर्जी’ म्हटले की ती चटकन जाणवते. येथे ती छटा घेऊन वाचणे चुकीचे ठरेल, कारण लोकसभेचा विश्वास असलेल्या पंतप्रधानाला राष्ट्रपती केवळ मर्जीने दूर करू शकत नाहीत. ‘पंतप्रधान’ हा शब्द तर आपल्याकडे पेशवाईपासूनचा. पेशव्याला वस्त्रे छत्रपतींकडून मिळत, पण पद पुढे वंशपरंपरागत झाले होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : १९७९ मध्ये यशवंतरावांना निमंत्रण मिळूनही त्यांची नेमणूक का झाली नाही, ते अनुच्छेद ७५(३) च्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.