पडद्यावरची अक्षरे

जत्रेतला तंबूतला सिनेमा जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी पुष्कळ पाहिला आहे. तो तिकीट काढून. मंचरजवळच्या एका गावी मात्र शाळेच्या पटांगणात तीन रात्री फुकट चित्रपट दाखवले. आम्ही तेथे स्वयंसेवक होतो. सतरंज्या घालायच्या, पाणी भरायचे, पोरांना पुढे बसवायचे.

पहिल्या रात्री 'संत तुकाराम' झाला. प्रभात कंपनीने तो 1936 साली पुण्यात काढला. 1937 साली इटलीत, व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचे नाव झाले.

दुसऱ्या रात्री इटलीचाच चित्रपट होता. 'सायकल चोर', 1948 सालचा. भाषा परकी. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरे येत. ती वाचून मराठीत सांगायचे काम आमच्याकडे आले. जन्मभर आम्ही अक्षरे शिकवली, पण ही अक्षरे थांबतच नसत! एक ओळ सांगावी, तोवर दोन निघून गेलेल्या.

गोष्ट अशी. एका बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवायचे काम मिळते. त्याला सायकल लागते, पण ती गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी देऊन ती सोडवते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहान मुलगा शहरभर शोधतात. शेवटी बापच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. लोक त्याला मुलादेखत मारतात. बापाचे काम करणारा माणूस नट नव्हता बरे का, कारखान्यातला कामगार होता.

आम्ही घाईघाईने सांगू लागलो. तोच पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, जरा गप ऱ्हावा. समदं कळतंय आमाला."

थोडा राग आला, खोटे कशाला बोला? पण गप्प बसलो. पडद्यावर पोराने बापाचा हात धरला. पटांगणात कोणी खोकलेसुद्धा नाही.

तिसऱ्या रात्री आम्ही फक्त पाणी वाटले.