आवाजाची चाळण



नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल हे गाव आहे. डोंगर-उताराच्या या भागात पाऊस भरपूर आणि पिके भात, नागली, वरईची. इकडच्या घरांत नागली चाळताना तुम्ही पाहिली असेल. चाळणीची भोके नागलीच्या दाण्याएवढी असतात. मोठे खडे आणि काड्या वर राहतात, दाणे खाली पडतात. पण एखादा खडा नेमका नागलीच्या दाण्याएवढाच असला तर? तो दाण्यांबरोबर खुशाल खाली येतो आणि भाकरी खाताना दाताखाली सापडतो! चाळणीला नागली कळत नाही, खडाही कळत नाही. तिला कळतो तो फक्त आकार.

आज आपण अशाच एका चाळणीची ओळख करून घेणार आहोत. ही चाळण आवाजाची आहे. तिचे नाव ग्राफिक इक्वलायझर.

समजा, तुमच्या वर्गाने ठरवले, की गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांची पावरी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. कोकणा समाजात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते ती ही पावरी. वाळवलेल्या भोपळ्यात हवा फुंकली, की आतली पातळ जीभ थरथरते आणि सूर उमटतो. बाबांच्या जोडीला सांबळवाला बसला. तुम्ही मोबाइल समोर ठेवला आणि अर्धा तास मुद्रण केले. नंतर शाळेच्या संगणकावर ऐकता तो काय! पंख्याची घरघर, वाऱ्याचे घोंघावणे, आणि मध्येच आलेल्या सरीचा पत्र्यावरचा ताशा. आता हे सारे काढून फक्त पावरी आणि सांबळ ठेवता येतील का?

काही गोष्टी काढता येतील, काही येणार नाहीत. कोणत्या येतील आणि कोणत्या नाहीत, हे आधीच सांगता यावे, यासाठी थोडे विज्ञान समजून घेऊ.

सप्तकाच्या पायऱ्या

आवाज म्हणजे हवेचे कंपन, हे तुम्ही शिकला आहात. एका सेकंदात किती कंपने होतात, ती त्या आवाजाची वारंवारता. तिचे एकक हर्ट्झ. तरुण, निरोगी कानाला साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात.

पेटीवर सा वाजवा आणि मग तार सा वाजवा. तार साची वारंवारता सा च्या बरोबर दुप्पट असते. म्हणजे एक सप्तक चढणे म्हणजे वारंवारता दुप्पट करणे. आता 20 पासून दुप्पट करीत चला: 40, 80, 160, 320, 640, 1,280, 2,560, 5,120, 10,240, 20,480. दहा उड्यांत आपण ऐकण्याच्या वरच्या टोकाला पोचलो. याचा अर्थ, आपल्या कानाचे सारे राज्य सुमारे दहा सप्तकांचे आहे.

म्हणूनच साध्या ग्राफिक इक्वलायझरला दहा सरकपट्ट्या असतात, दर सप्तकाला एक. त्यांच्याखाली 31, 62, 125, 250, 500, 1,000, 2,000, 4,000, 8,000 आणि 16,000 असे आकडे लिहिलेले असतात. प्रत्येक आकडा मागच्याच्या साधारण दुप्पट आहे, हे पडताळून पाहा. अधिक बारीक काम करणाऱ्या इक्वलायझरमध्ये एका सप्तकाचे तीन भाग केलेले असतात. दहा सप्तकांचे तीस भाग, म्हणून दोन्ही टोके धरून 31 पट्ट्या. ऑडॅसिटी नावाचा एक विनामूल्य संगणक-कार्यक्रम आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 साली त्याची सुरुवात झाली आणि 2000 साली तो सर्वांसाठी खुला झाला. त्यातल्या ग्राफिक इक्वलायझरला अशा 31 पट्ट्या आहेत.

पट्टी वर सरकवली, की त्या भागातला आवाज वाढतो. खाली ओढली, की तो कमी होतो. साऱ्या पट्ट्यांच्या टोकांवरून नजर फिरवली, तर एक आलेखच दिसतो. 'ग्राफिक' हे नाव त्यावरून पडले. 'इक्वलायझर' म्हणजे समान करणारा. हे नाव टेलिफोनच्या काळापासूनचे आहे. लांबच्या तारेतून जाताना उंच वारंवारतेचे आवाज अधिक क्षीण होत, आणि बोलणे घोगरे ऐकू येई. ती तूट भरून सर्व वारंवारता पुन्हा समान करण्यासाठी जी मंडले जोडत, त्यांना हे नाव मिळाले.

पूर्वी हे काम तारांची वेटोळी आणि धारित्रे करीत. आता तेच काम संगणकातला एक छोटा कार्यक्रम करतो. तो संगीताच्या मोठ्या कार्यक्रमाला, भिंतीतल्या खटक्यात पिन खुपसावी तसा, बाहेरून जोडता येतो. म्हणून त्याला प्लगइन म्हणतात.

आकडे आवाज कसा चाळतात?

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. 1982 साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये दर सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजून त्याचे आकडे नोंदवलेले असतात. मग नुसत्या आकड्यांतून उंच सूर वेगळा कसा काढायचा? वहीवर करून पाहा.

झपाट्याने बदलणारा, म्हणजे उंच वारंवारतेचा एक आवाज घेऊ: 0, 10, 0, 10, 0, 10. आता शेजारच्या दोन-दोन आकड्यांची सरासरी काढा. उत्तर येते 5, 5, 5, 5, 5. थरथर नाहीशी झाली! आता हळू बदलणारा आवाज घ्या: 0, 1, 2, 3, 4, 5. त्याची सरासरी 0.5, 1.5, 2.5, 3.5, 4.5. चढण जशीच्या तशी राहिली. म्हणजे सरासरी काढणे हीच एक चाळण झाली. तिने खालचे सूर ठेवले आणि वरचे अडवले. मूळ आकड्यातून ही सरासरी वजा केली, तर उलटी चाळण मिळते. प्लगइन हाच हिशेब अधिक बारकाईने, अनेक आकड्यांना वेगवेगळे वजन देऊन करते.

पावरी कोणत्या पट्टीत असते?

आता एक गंमत पाहा. पावरी एका वेळी एक सूर वाजवते असे आपल्याला वाटते, पण त्या एका सुरात अनेक वारंवारता असतात. समजा, मूळ सूर 250 हर्ट्झचा आहे. त्याबरोबर 500, 750, 1,000, 1,250 असे त्याच्या पटीतले उपस्वरही वाजत असतात. त्यांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळे असते. म्हणून तर डोळे मिटूनही पावरी आणि बासरी आपण वेगळ्या ओळखतो.

दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरमधली 250 ची पट्टी साधारण 177 ते 354 हर्ट्झ एवढा भाग सांभाळते. तिच्यात आपल्या सुराचा फक्त 250 हा एकच घटक सापडतो. 2,000 ची पट्टी मात्र साधारण 1,414 ते 2,828 हर्ट्झ सांभाळते. तिच्यात 1,500, 1,750, 2,000, 2,250, 2,500 आणि 2,750 असे सहा उपस्वर येतात. तुम्ही 2,000 ची पट्टी खाली ओढली, तर सूर तोच राहील, पण या सहांचा जोर जाईल आणि पावरीचा झणका मंद होईल. म्हणजे एकेका वाद्याला एकेक पट्टी असे नसते. एक वाद्य अनेक पट्ट्यांत पसरलेले असते आणि एका पट्टीत अनेक वाद्ये दाटीने बसलेली असतात.

सांबळाचेही तसेच. मोठ्या भांड्याचा घुमारा खालच्या पट्ट्यांत असतो, पण काठीचा टणत्कार हजारो हर्ट्झपर्यंत जातो. साध्या चामड्याच्या कंपनातले उपस्वर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात. मृदंगावर आणि तबल्यावर शाई भरल्याने ते पूर्ण पटीत येतात. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात याविषयी लिहिले होते.

काय निघेल, काय निघणार नाही?

आता आपल्या मुद्रणाकडे वळू. नागली आणि खडा मनात ठेवा.

पहिला वारा. मोबाइलच्या मायक्रोफोनवर आदळणाऱ्या वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारतांत असतो. पावरीचा मूळ सूर 250 हर्ट्झचा असेल, तर त्याखाली पावरीचे असे काही नाही. एकटी पावरी वाजत असलेल्या भागात 100 हर्ट्झ आणि त्याखालच्या पट्ट्या खाली ओढा. वारा बराच जाईल आणि पावरीला धक्का लागणार नाही. हा खडा मोठा होता, चाळणीवर राहिला.

दुसरी पंख्याची घरघर. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असतो. त्यामुळे विजेच्या उपकरणांची गुणगुण 50 आणि विशेषतः 100 हर्ट्झला येते. 31 पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये 50 आणि 100 या आकड्यांच्याच पट्ट्या आहेत. त्या ओढल्या, की गुणगुण कमी होते. पण थांबा! सांबळाचा घुमारा जर 100 च्या आसपास असेल, तर गुणगुणीबरोबर तोही जाईल. येथे खडा आणि दाणा जवळजवळ एकाच आकाराचे आहेत. थोडे ओढायचे, ऐकायचे, आणि घुमारा पातळ वाटू लागला, की थांबायचे.

तिसरा पत्र्यावरचा पाऊस. तो खालपासून वरपर्यंत जवळजवळ सर्व पट्ट्यांत पसरलेला आहे. ज्या पट्टीतून पाऊस काढाल, त्या पट्टीतून पावरीही निघेल. येथे इक्वलायझर हतबल आहे. कारण त्याला पाऊस कळत नाही, पावरीही कळत नाही. त्याला कळते ती फक्त वारंवारता.

तीन चुका टाळा

पहिली चूक, सगळ्या पट्ट्या वर ढकलणे. पट्टी 6 डेसिबेल वर नेली, की कंपनाचा आयाम जवळजवळ दुप्पट होतो. 12 डेसिबेलला तो चौपट होतो. सोळा बिटच्या मुद्रणात सर्वांत मोठा आकडा 32,767 असतो. मूळ आकडा 20,000 असेल, तर दुप्पट होतात 40,000, आणि ते या मापात मावत नाहीत. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून हवे ते वाढवण्यापेक्षा नको ते कमी करणे बरे.

दुसरी चूक, मोबाइलच्या भोंग्यावर ऐकून निर्णय घेणे. एवढ्याशा भोंग्यातून खालचे सूर नीट निघतच नाहीत. सांबळ ऐकू येत नाही म्हणून तुम्ही 62 ची पट्टी वर नेता, आणि तेच मुद्रण गावच्या मोठ्या कर्ण्यावर लावले, की भिंती हादरतात. चांगले इअरफोन लावून, मध्यम आवाजात ऐका. अगदी हळू आवाजात आपल्या कानालाच खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 साली ते मोजून दाखवले.

तिसरी चूक, जे मोठे ते चांगले असे मानणे. दोन मुद्रणांपैकी किंचित मोठे असलेले कानाला नेहमी सरस वाटते. तुलना करताना दोन्हींचा एकूण आवाज सारखा करून घ्या.

निवाडा कोणाचा?

सर्व पट्ट्या लावून झाल्या, की एक महत्त्वाचे काम उरते. ज्यांनी वाजवले, त्या बाबांना ते ऐकवा. कदाचित ते म्हणतील, "पोरांनो, ही माझी पावरी नाही." तुम्हाला कर्कश वाटलेला जो झणका तुम्ही काढून टाकलात, त्याच्यासाठीच कदाचित त्यांनी जीभ तासून तासून बसवली असेल. तुमच्या कानाला सिनेमातल्या गाण्यांच्या आवाजाची सवय आहे. त्या मापाने पावरी मोजली, तर आपण पावरी न जपता तिची नक्कल जपू. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ते मुद्रण ऐकेल, तेव्हा त्याला विचारायला बाबा असणार नाहीत.

यासाठी एक नियम पाळा. मूळ मुद्रण कधीही पुसू नका. त्याची प्रत काढा आणि इक्वलायझर त्या प्रतीवर चालवा. कोणती पट्टी किती डेसिबेल हलवली, ते वहीत लिहा. तारीख, ठिकाण आणि वाद्य यांचीही नोंद करा. वाजवणाऱ्यांची परवानगी घेऊनच त्यांचे नाव लिहा.

आणि पुढच्या वेळी मुद्रणाला बसाल, तेव्हा पाऊस थांबल्यावर बसा. पंखा बंद करा. पत्र्याची खोली सोडून, वारा अडेल अशा ओट्यावर या. मोबाइल वाद्याच्या जवळ ठेवा. नागली खळ्यातच स्वच्छ राखली, तर चाळायचे काम थोडेच उरते.

करून पाहा

1. 31 पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये शेजारच्या दोन पट्ट्यांच्या वारंवारतांचे गुणोत्तर सुमारे 1.26 असते. 1.26 चा घन काढा. उत्तर 2 च्या इतके जवळ का आले?

2. मित्राचे बोलणे मुद्रित करा. 300 हर्ट्झच्या खालच्या आणि 3,400 हर्ट्झच्या वरच्या पट्ट्या पूर्ण खाली ओढा. ऐकल्यावर कशाची आठवण होते? जुन्या टेलिफोनवरून साधारण एवढाच भाग पाठवत असत. बोलणे समजते का? मित्र ओळखू येतो का?

3. 0, 10, 0, 10 या आवाजात 0, 1, 2, 3 हा आवाज मिळवा. शेजारच्या आकड्यांची सरासरी काढून दोन्ही वेगळे करता येतात का, ते पाहा. मग 0, 10, 0, 10 मध्ये 0, 4, 0, 4 मिळवा आणि तोच प्रयत्न करा. येथे का जमत नाही, ते नागलीच्या भाषेत सांगा.