व्हॉट्सअ‍ॅप आता कॉम्प्युटरवर: ऑर्डर हरवू नये म्हणून पहिल्या दिवशी करायची सात कामं



व्हिडिओ बघितलात, पण हातात कागद नव्हता म्हणून स्टेप्स राहून गेल्या, असं बरेच जण सांगतात. म्हणून हा लेख. शक्य असेल तर कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप समोर घेऊनच वाचा. वाचता वाचता करून टाकायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

आधी एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या एका बॅचमध्ये सांगलीकडच्या एक ताई होत्या. घरून दिवाळी फराळ करतात, हाताला चव अशी की एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येतंच. दिवाळीच्या आधी एका ऑफिसमधून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "४० बॉक्स हवेत, ६५० चा बॉक्स चालेल, कधी द्याल?" त्या वेळी ताई चकल्या तळत होत्या. हाताला भाजणी लागलेली. करंगळीनं मेसेज उघडला, वाचला आणि मनात म्हणाल्या, घाणा काढून झाला की उत्तर देते. मग शेजारीण आली, गॅस संपला, त्यात ग्रुपवरचे शुभ सकाळ, आणि तो मेसेज खाली खाली गेला. समोरच्याला मात्र निळ्या टिका दिसल्या. तिसऱ्या दिवशी ताईंना आठवलं तेव्हा उत्तर आलं, "सॉरी मॅडम, दुसरीकडे दिली."

४० गुणिले ६५०, म्हणजे २६,००० रुपये. चव कमी पडली नाही, भावही जास्त नव्हता. फक्त मेसेज वाचला गेला आणि लिहिला गेला नाही.

आजचा धडा एवढाच आहे: मेसेज आला म्हणजे ऑर्डर आली असं नसतं. उत्तर गेलं आणि वहीत नोंद झाली की ती ऑर्डर. कॉम्प्युटर याच कामाला मदत करतो. मोठा स्क्रीन, पूर्ण कीबोर्ड, आणि एका बाजूला चॅट, दुसऱ्या बाजूला ऑर्डरची यादी. चला, सुरू करू.

काम १: धंद्याचा नंबर वेगळा करा

घरचा आणि धंद्याचा नंबर एकच असेल तर मामाच्या मुलाच्या लग्नाचे फोटो आणि ऑर्डरी एकाच ढिगात पडणार. शक्य असेल तर दुसरं सिम घ्या आणि त्यावर 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' हे अ‍ॅप टाका. ते फुकट आहे. लक्षात ठेवा, एक नंबर एका वेळी एकाच अ‍ॅपवर चालतो, साध्या तरी किंवा बिझनेस तरी. जुनाच नंबर बिझनेसवर न्यायचा असेल तर आधी चॅटचा बॅकअप घ्या, मगच पुढे जा.

काम २: कॉम्प्युटरला जोडा

1. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एज उघडा. वर पत्त्याच्या जागी 'वेब डॉट व्हॉट्सअ‍ॅप डॉट कॉम' असं इंग्रजीत टाइप करा. पत्ता स्वतः टाइप करा. गूगलवर शोधून पहिली दिसेल ती लिंक दाबू नका, तिथे नकली पानंही असतात.
2. स्क्रीनवर काळा-पांढरा चौकोनी क्यूआर कोड दिसेल.
3. आता फोन हातात घ्या. अँड्रॉइडमध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडून वरचे तीन टिंब दाबा आणि 'लिंक्ड डिव्हायसेस' निवडा. आयफोनमध्ये हेच सेटिंग्जमध्ये मिळेल.
4. 'लिंक अ डिव्हाइस' दाबा, बोटाचा ठसा किंवा पिन द्या आणि फोनचा कॅमेरा त्या कोडवर धरा.

झालं. जुने मेसेज यायला थोडा वेळ लागतो, घाबरू नका. एका नंबरला असे चारपर्यंत कॉम्प्युटर जोडता येतात. एकदा जोडल्यावर फोन बंद पडला तरी कॉम्प्युटरवरचं काम चालू राहतं. फक्त १४ दिवस फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही तर जोडणी आपोआप तुटते.

काम ३: मराठी टायपिंग सुरू करा

"सर, मला मराठी टायपिंग येत नाही" असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये जा, मराठी भाषा जोडा आणि तिच्यात 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा. मग इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायचं, मराठी शब्द समोर येतो. मराठीतून इंग्रजीत जायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबा. गिऱ्हाईक मराठीत विचारतंय तर उत्तरही मराठीतच जाऊ द्या. आपुलकी तिथूनच सुरू होते.

आणि एक छोटी गोष्ट, जिच्यात सगळे फसतात. एंटर दाबलं की मेसेज जातो. खालच्या ओळीवर यायचं असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबा. नाहीतर अर्धा हिशेब गिऱ्हाइकाकडे पोचतो आणि मग सॉरी लिहीत बसावं लागतं. गेलाच चुकून, तर १५ मिनिटांच्या आत तोच मेसेज दुरुस्त करता येतो.

काम ४: रोजची उत्तरं एकदाच लिहून ठेवा

भाव काय? कुठे मिळेल? कुरिअर करता का? हे तीन प्रश्न दिवसातून वीस वेळा येतात. बिझनेस अ‍ॅपमध्ये 'क्विक रिप्लाय' नावाची सोय आहे. फोनवर बिझनेस टूल्समध्ये जाऊन प्रत्येक उत्तर एकदा नीट लिहा आणि त्याला इंग्रजीत छोटं नाव द्या, जसं 'रेट' किंवा 'पत्ता'. मग कॉम्प्युटरवर चॅटमध्ये तिरपी रेघ दाबून ते नाव टाइप केलं की पूर्ण उत्तर समोर येतं. पाठवण्याआधी गिऱ्हाइकाचं नाव मात्र स्वतः लिहा. "नमस्कार कुलकर्णी काका" आणि "डिअर कस्टमर" यात फरक आहे.

काम ५: प्रत्येक चॅटला लेबल लावा

बिझनेस अ‍ॅपमध्ये रंगीत लेबलं तयारच मिळतात: नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण. कॉम्प्युटरवर चॅटच्या नावावर राइट क्लिक करा आणि लेबल लावा. संध्याकाळी फक्त 'पेमेंट बाकी' उघडलं की कोणाकडून किती यायचेत ते पाच मिनिटांत कळतं.

मेसेज वाचला पण लगेच उत्तर देता येत नाहीये? मग त्याच राइट क्लिकमध्ये 'मार्क अ‍ॅज अनरीड' दाबा. हिरवा ठिपका परत येतो आणि चॅट नजरेतून सुटत नाही. ताईंनी एवढं जरी केलं असतं, तरी ते ४० बॉक्स हातचे गेले नसते.

काम ६: डावीकडे चॅट, उजवीकडे यादी

माझ्या मते आजच्या सात कामांमधलं सगळ्यात कमाईचं काम हेच. व्हॉट्सअ‍ॅपची खिडकी निवडून विंडोजचं बटण आणि डावा बाण दाबा, ती अर्ध्या स्क्रीनवर बसेल. उरलेल्या अर्ध्यात एक्सेल किंवा गूगल शीट उघडा. रकाने एवढेच: तारीख, नाव, फोन, माल, नग किंवा वजन, एकूण रक्कम, अ‍ॅडव्हान्स, बाकी, कधी द्यायचं.

ऑर्डर आली की आधी शीटमध्ये ओळ भरा, मग गिऱ्हाइकाला पक्कं करणारा मेसेज पाठवा. नमुना देतो:

*नमस्कार ताई, तुमची ऑर्डर नोंदवली आहे.*
*भाजणी चकली २ किलो × ४८० = ९६०*
*बेसन लाडू १ किलो × ५२० = ५२०*
*एकूण १,४८०. अ‍ॅडव्हान्स ७०० मिळाले. बाकी ७८०.*
*शुक्रवारी संध्याकाळी ५ नंतर मिळेल. काही बदल असेल तर बुधवारपर्यंत कळवा.*

या पाच ओळींमुळे "मी तर तीन किलो सांगितलं होतं" हा वाद होत नाही. बिल पीडीएफमध्ये केलं असेल तर फाइल माऊसनं ओढून सरळ चॅटमध्ये सोडा. मालाचे फोटो मात्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखे पाठवले तर क्वालिटी कमी होते आणि पैठणीचा रंगही नीट दिसत नाही.

काम ७: कुलूप लावायला विसरू नका

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका झेरॉक्सच्या दुकानात कोटेशनची प्रिंट काढायला गेलो. तिथल्या कॉम्प्युटरला माझं व्हॉट्सअ‍ॅप जोडलं, प्रिंट घेतली, पैसे दिले आणि निघालो. रात्री जेवताना फोनमध्ये लिंक्ड डिव्हायसेसची यादी उघडली तर जोडणी तशीच चालू! माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, पैशांचे मेसेज दिवसभर परक्या कॉम्प्युटरवर उघडे. ताट तसंच ठेवून फोनवरूनच लॉग आउट केलं. काही नुकसान झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. लोकांनी विश्वासानं दिलेला पत्ता ही आपल्याकडे ठेवलेली ठेवच असते.

म्हणून हे नियम भिंतीवर लिहून लावा:

- दर रविवारी फोनमध्ये लिंक्ड डिव्हायसेस तपासा. ओळखीचं नसेल त्यावर बोट ठेवा आणि लॉग आउट करा.
- जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, स्क्रीनला कुलूप लागतं.
- कोणी कोड पाठवून "हा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका" म्हणालं तर टाकू नका. तुमचं खातं त्याच्या कॉम्प्युटरला जोडलं जाईल. तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी कोडही कोणाला सांगू नका.
- अनोळखी नंबरवरून आलेली झिप किंवा ईएक्सई फाइल कॉम्प्युटरवर उघडू नका, नाव 'पर्चेस ऑर्डर' असलं तरी.
- पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही. खात्यात जमा दिसलं की मगच माल द्या. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.
- फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

आता गृहपाठ

आज फक्त तीन गोष्टी करा: कॉम्प्युटर जोडा, तीन क्विक रिप्लाय लिहा आणि शीटमध्ये या आठवड्याच्या ऑर्डरी भरा. दिवसातून तीन वेळा ठरवून मेसेज बघा, सकाळी, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी. मधल्या वेळेसाठी अ‍ॅपमध्ये 'अवे मेसेज' लावा: "काम चालू आहे, २ वाजेपर्यंत नक्की उत्तर देते." लोक थांबायला तयार असतात, फक्त किती वेळ थांबायचं ते त्यांना सांगावं लागतं.

त्या ताई आता काय करतात सांगू? स्वयंपाकघराच्या दाराशी टेबलावर मुलाचा जुना लॅपटॉप ठेवलाय. चकल्या ताई तळतात आणि मेसेजवर लक्ष सासूबाई ठेवतात. ऑर्डर आली की आतून आवाज येतो, "अगं, लिहून घेतली गं!"

तुमच्याकडे कोण लिहून घेणार, ते आजच ठरवा. भेटू पुढच्या भागात!